तीन मिनिटं दहा सेकंद

“सरळ नागा साधू म्हण ना,” काचेपलीकडून नाना केंजळे म्हणाले. “लग्न करायचं नाही, जवळ स्वतःचं काही ठेवायचं नाही आणि हातात तलवार. आपल्याकडे कुंभमेळ्याला येतात ते हेच.”

“यांच्या अंगावर चिलखत असतं, नाना.”

“मग कपडे घातलेले नागा साधू.”

दिघ्यांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. “नाना, वाचा हो. ‘संन्यासी सरदार’ लिहिलंय ना ताईंनी? तेच वाचा. दहा वाजलेत आणि आपण अजून जेरुसलेमलासुद्धा पोचलो नाही.”

ही गोष्ट २००७च्या जानेवारीतली, शनिवारची. दिघे पूर्वी आकाशवाणीत होते. निवृत्तीनंतर त्यांनी एरंडवण्यात तळमजल्यावरच्या दोन खोल्यांना गाद्या ठोकून स्टुडिओ केला होता. इंग्रजी माहितीपट मराठीत आणून ते एका वाहिनीला देत. भाषांतर मी करायची. मी काही साहित्यिक नव्हते. एका औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलला केमिस्ट होते. पण डबिंगच्या भाषांतरात अर्थाइतकाच सेकंदांचा हिशेब लागतो. इंग्रजीतलं दहा सेकंदांचं वाक्य मराठीत सहज तेराचं होतं, त्याला पुन्हा दहात बसवायचं. हे मला जमायचं. स्टॉपवॉच घेऊन मी दिघ्यांच्या शेजारी बसायची आणि नाना काचेपलीकडे. नाना सत्तरीचे होते. उमेदीची वर्षं त्यांनी नाटकात दुय्यम भूमिका करण्यात घालवली होती, पण आवाज पहिल्या दर्जाचा होता.

या खेपेला तीन माहितीपट होते. तिन्ही टेम्प्लर नावाच्या पंथाबद्दल: क्रुसेडच्या धर्मयुद्धांत लढलेले, संन्याशाची शपथ घेतलेले हे सरदार. तिन्ही वेगवेगळ्या लोकांनी केलेले. पहिल्यात नुसते घोडे आणि धूळ. दुसऱ्यात त्यांचा दडवलेला खजिना शोधत हिंडणारा एक उत्साही गृहस्थ, ज्याला पन्नास मिनिटांत काहीही सापडत नाही. तिसरा त्यांच्यावर चाललेल्या खटल्याचा. शनिवारी पहिले दोन, रविवारी तिसरा, सोमवारी टेप वाहिनीकडे, असं ठरलं होतं.

सोमवारी सकाळी दहाला माझंही एक काम होतं. ते मी कुणाला सांगितलं नव्हतं.

त्या आठवड्यात मिरगीच्या गोळ्यांची एक बॅच माझ्याकडे तपासायला आली होती. गोळीत जेवढं औषध असल्याचं वेष्टनावर लिहिलेलं असतं, त्याच्या निदान नव्वद टक्के तरी आत भरावं लागतं. माझ्या तपासणीत चौऱ्याऐंशी भरलं. मी पुन्हा केलं. पुन्हा चौऱ्याऐंशी. नापास आलेला निकाल असा सहजी रद्द करता येत नाही, त्यासाठी कारण सापडावं लागतं. आणि आमच्याकडे कारण सापडायची पद्धत ठरलेली होती: तपासणाऱ्याची चूक. तपासणारा लिहून देतो की माझ्या हातून असं असं झालं. पहिला निकाल रद्द होतो, दुसरा माणूस पुन्हा तपासतो आणि काय यायला हवं ते एव्हाना त्याला कळलेलं असतं. गुरुवारी आमचे साहेब सबनीस यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. मी लिहून दिलं. शुक्रवारी उंडे नावाच्या माझ्या सहकाऱ्याने बॅच पुन्हा तपासली. अठ्ठ्याण्णव टक्के. सोमवारी दहाला चौकशीच्या फॉर्मवर माझी शेवटची सही झाली की गोळ्यांच्या पिंपांवरची पिवळी लेबलं काढून हिरवी लागणार होती आणि गोळ्या दुकानांत जाणार होत्या.

शनिवार मजेत गेला. खजिनेवाल्याच्या प्रत्येक “कदाचित”ला नाना असा काही हुंकार भरत की दिघ्यांना दोनदा टेप थांबवून हसून घ्यावं लागलं. मीही हसले. कामात असले की मला इतर काही सुचत नाही, म्हणूनच मी ते काम घेत असे.

रविवारी तिसरा माहितीपट लावला. त्यात घोडे नव्हते. एक वृद्ध इतिहासकार बाई टेबलाशी बसून खटल्याची जुनी कागदपत्रं वाचत होत्या. मधूनमधून एखादी भिंत, एखादा जिना. बस.

सन १३०७च्या ऑक्टोबरमध्ये एका पहाटे फ्रान्सच्या राजाने देशभरातले टेम्प्लर एकदम पकडले. आरोप असे, की हे लोक क्रुसावर थुंकतात आणि एका मुंडक्याची पूजा करतात. बहुतेकांनी कबूल केलं. त्या बाई एकेक जबाब वाचत होत्या. कुणाच्या जबाबात मुंडक्याला दाढी होती, कुणाच्या जबाबात तीन तोंडं, कुणी म्हणे ते मांजर होतं. भाषांतर करतानाच मी समासात पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं: एकाच वस्तूची दहा मापं दहा तऱ्हेची येत असतील, तर ती वस्तू तिथे नाही.

“आता भानगड ऐका,” दिघे म्हणाले. त्यांनी घड्याळाकडे नाही, कागदाकडे पाहिलं. “वाहिनीला चव्वेचाळीस मिनिटं हवीत. आपलं भरतंय सत्तेचाळीस दहा. तीन मिनिटं दहा सेकंद काढायचेत. मी खूण केलीय.”

त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. पान अकरा आणि बारा, दोन्हींवर निळी आडवी रेघ.

“हे नाही काढता येणार.”

“का?”

“यात त्यांनी कबुलीजबाब मागे घेतलेत.”

“हो ना. कबूल केलं, मग नाही म्हणाले, मग जाळलं. आपण म्हणू कबूल केलं आणि जाळलं. प्रेक्षकाला तेवढं पुरतं.”

“पण कबूल केलं म्हणून नाही जाळलं,” मी म्हणाले. “कबूल करून गप्प बसले ते जगले. खोटं होतं असं म्हणाले त्यांना जाळलं. तुम्ही म्हणता तसं केलं तर उलटं होतं.”

“ताई, सातशे वर्षं झाली त्यांना. कोण येणार आहे स्टुडिओत तक्रार घेऊन?”

“मी आलेलीच आहे.”

दिघे माझ्याकडे पाहत राहिले. चार वर्षांत मी त्यांच्याशी आवाज चढवून बोलले नव्हते. तेव्हाही आवाज चढला नव्हता, पण कागदावरचा माझा हात मी काढला नव्हता.

काचेपलीकडून नाना म्हणाले, “दिघे, माइक चालू आहे. मी सगळं ऐकतोय. पानं अकरा-बारा मला वाचायचीत. दोन दिवस नुसते घोडे हाकतोय मी.”

“मग तीन मिनिटं कुठून आणू? खिशातून?”

“मला पाऊण तास द्या,” मी म्हणाले.

पाऊण तासात मी सगळा मजकूर पुन्हा चाळला. किल्ल्याचं वर्णन काढलं. राजाच्या दरबाराचं अर्धं केलं. ‘इतिहासाच्या पानांवर आपला अमिट ठसा उमटवणाऱ्या’ हे माझंच वाक्य होतं, ते काढताना बरं वाटलं. मुंडक्यांचे सात जबाब होते, त्यातले तीन ठेवले. सेकंद जोडत गेले: अकरा, वीस, सात, चौदा. तीन मिनिटं दोन सेकंद झाले. उरलेले आठ सेकंद कुठेच मिळेनात. मग नानांनी सांगितलं की दोन परिच्छेदांमध्ये ते श्वास घ्यायला जे थांबतात, ते थांबणार नाहीत.

“या वयात?” दिघे म्हणाले.

“या वयात श्वासाची सवय सुटायलाच लागते,” नाना म्हणाले. “चला.”

मग त्यांनी पान अकरा वाचलं. त्यातला एक धर्मोपदेशक चौकशी करणाऱ्यांसमोर उभा राहतो. त्याचे पाय इतका वेळ आगीपुढे धरले होते, की काही दिवसांनी टाचांची हाडं गळून पडली. तो ती हाडं दाखवतो. पुरावा म्हणून बरोबर घेऊन आलेला असतो. नानांनी ते अगदी साधं वाचलं, पोस्टात पाकीट देताना पत्ता सांगावा तसं. मग पान बारा. जबाब मागे घेतलेल्या चोपन्न जणांना गाड्यांत घालून पॅरिसबाहेर नेतात आणि एकाच दिवशी जाळतात. त्या गाड्या जाताना पाहिलेला एक सरदार नंतर थरथरत सांगतो, की आरोप सगळे खोटे आहेत, पण मला त्या आगीची भीती वाटते, मला नेलंत तर देवाला मीच मारलं असंसुद्धा मी कबूल करीन.

नाना थांबले. दिघ्यांनी टेप थांबवली. मी स्टॉपवॉच पाहिलं. चव्वेचाळीस मिनिटांच्या आत दोन सेकंद.

चहाला आम्ही बाहेरच्या पायऱ्यांवर बसलो. दिघे आत टेप मागेपुढे करत होते. नानांनी बशीत चहा ओतला.

“काय झालंय तुला?” ते म्हणाले.

“काही नाही.”

“हे बघ, मी चाळीस वर्षं विंगेत उभं राहून लोकांचे चेहरे बघितलेत. माझ्या वाट्याला संवाद कमी असायचे, मग दुसरं काय करणार? काय झालंय?”

मी सांगितलं. बॅच, चौऱ्याऐंशी टक्के, सबनीस, उंडे, सोमवार. नानांना टक्केवारीत रस नव्हता. त्यांनी एवढंच विचारलं, “त्या गोळ्या घेऊन काय होईल?”

“बहुतेकांना काहीच नाही. एखाद्याला फिट येईल. येणार नाही असं समजून तो स्कूटर चालवत असेल, किंवा विहिरीवर पाणी काढत असेल.”

“आणि तू लिहून दिलंस की चूक तुझी.”

“सगळेच देतात, नाना. आमच्याकडे ती पद्धत आहे. याआधी दोनदा दिलंय मी. तेव्हा खरंच शंका होती, यंत्र बिघडलेलं होतं. या वेळी नव्हती.”

नानांनी बशीवर फुंकर घातली.

“सबनीसांनी काय केलं तुला? धमकी दिली?”

“नाही.”

“मग?”

“एप्रिलमध्ये सीनियर ऑफिसरची जागा रिकामी होतेय म्हणाले. आणि चहा मागवला.”

नानांनी माझ्या पायांकडे पाहिलं. मी साध्या चपला घातल्या होत्या. त्यांनी बशी खाली ठेवली आणि अगदी गंभीर चेहऱ्याने विचारलं, “टाचा शाबूत आहेत ना पण?”

 ते उठले, माझ्या डोक्यावर टपली मारल्यासारखा हात ठेवला आणि आत गेले. मी तिथे बसून राहिले. संतापाने माझे कान तापले होते. त्यांच्यावरचा संताप पायऱ्यांवरून उठेपर्यंत संपला. उरला तो माझ्यावरचा होता. आगीपुढे धरलेल्या माणसाने खोटं कबूल केलं, आणि पाय गेल्यावर तो ते मागे घ्यायला परत आला. सबनीसांनी मला खुर्ची दिली होती. चहात वेलदोडा होता.

सोमवारी मी पावणेदहाला कारखान्यात पोचले. केबिनमध्ये जायच्या आधी गेटवरच्या आवक-जावक खिडकीशी गेले. माझ्याकडे एका अर्जाच्या दोन प्रती होत्या. गुरुवारचा जबाब खोटा आहे, तो मी मागे घेते, पहिला निकाल बरोबर आहे. चार ओळी होत्या. कारकुनाने न वाचता दोन्हींवर शिक्का मारला, रजिस्टरात नंबर घातला आणि एक प्रत मला परत दिली. मग प्रयोगशाळेत जाऊन मी कपाटातून दोन वस्तू घेतल्या आणि सबनीसांच्या दारावर टकटक केली.

“या, गव्हाणे मॅडम,” ते म्हणाले. “एक सही करा, की सुटलात.”

मी अर्ज त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी वाचला. मग खालचा शिक्का पाहिला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचला.

“असं मागे घेता येत नाही.”

“घेतलंय सर.”

“म्हणजे गुरुवारी तुम्ही खोटं लिहिलंत.”

“हो.”

“की आज खोटं लिहिताय? मी कुठलं खरं धरायचं?”

“ते मोजून बघता येईल,” मी म्हणाले.

गुरुवारच्या जबाबातलं वाक्य असं होतं: ‘शंभर मिलिलिटरचा फ्लास्क माझ्याकडून खुणेच्या वर भरला गेला, त्यामुळे द्रावण पातळ झालं.’ हे वाक्य त्यांनीच सांगितलं होतं. मी लिहून घेतलं होतं. तोच फ्लास्क मी त्यांच्या टेबलावर ठेवला. तळाशी पेरूसारखा फुगीर, वर बारीक मान, मानेवर खूण. त्यांच्या जगमधलं पाणी मी त्यात ओतलं. खुणेपर्यंत, मग खुणेच्या वर, मग तोंडापर्यंत. दोन थेंब त्यांच्या कागदांवर सांडले. मग ते सगळं पाणी मी बरोबर आणलेल्या मोजपात्रात ओतलं.

“एकशे नऊ मिलिलिटर,” मी म्हणाले. “पातळ होऊन अठ्ठ्याण्णवचे चौऱ्याऐंशी व्हायला एकशे सोळा लागतात. फ्लास्कमध्ये तेवढी जागाच नाही, सर. मी कितीही निष्काळजी असले तरी.”

सबनीस स्वतः केमिस्ट होते, माझ्या आधी पंधरा वर्षं त्यांनी असे फ्लास्क भरले होते. त्यांनी मोजपात्राकडे पाहिलंच नाही.

“पाणी पुसा,” ते म्हणाले. “हा अर्ज उचला. फॉर्मवर सही करा. शिक्क्याचं मी बघतो. हे मी तुमच्या भल्यासाठी सांगतोय.”

“नाही, सर.”

“अकरा वर्षं झाली तुम्हाला इथे. खोटा जबाब देणाऱ्या केमिस्टचं काय करतात ते माहीत आहे?”

“माहीत आहे.”

त्यांनी फोन उचलून पर्सोनेलच्या घोरपड्यांना बोलावलं. घोरपडे सैन्यातून निवृत्त झालेले, मिशीदार, हुकुमाचे पक्के. ते लिहायचं पॅड घेऊनच आले.

“गव्हाणे मॅडमना आजपासून कमी करायचंय,” सबनीस म्हणाले. “पत्र तयार करा.”

घोरपड्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझी एक दिवसाची बिनपरवानगी रजाही त्यांच्या वहीत नव्हती. “कारण काय घालू, साहेब?”

“तपासणीच्या नोंदीत जाणूनबुजून खोटा जबाब दिला. स्वतः कबूल केलंय. हा अर्ज जोडा.”

घोरपडे लिहायला लागले.

“त्या पत्राची एक प्रत बॅचच्या फाइलला लावावी लागेल,” मी म्हणाले.

“का?” घोरपडे म्हणाले. खरंच विचारत होते.

“पहिला निकाल नापास होता, साहेब. तो रद्द झाला, कारण माझ्या हातून चूक झाली असं मी लिहून दिलं. आता कंपनी लिहून देतेय, की तो जबाब खोटा होता. म्हणजे चूक झालीच नव्हती. मग पहिला निकाल रद्द कशावर करणार?”

घोरपड्यांचं पेन थांबलं. त्यांनी सबनीसांकडे पाहिलं.

“माझा गुरुवारचा जबाब खरा मानायचा असेल, तर मला काढायला कारण नाही,” मी म्हणाले. “चुकीबद्दल फार तर ताकीद देतात. तो खोटा मानायचा असेल, तर मला काढा, पण मग ती बॅच नापास आहे. दोन्ही एका फाइलीत बसत नाहीत.”

 बाहेर पॅकिंगच्या यंत्राचा खडखडाट चालू होता. मी आधारासाठी टेबलाची कड धरली होती. त्यांना ती कदाचित ऐट वाटली असावी.

“साहेब,” घोरपडे म्हणाले, “काय लिहू?”

सबनीसांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचा अर्थ मी पुढे पुष्कळ दिवस लावत होते. गोळ्या जाव्यात असं त्यांना वाटत होतं, यात शंका नाही. पण मी त्या टेबलाशी उद्या पुन्हा उभी असावी हे त्यांना त्याहून नको होतं.

“सांगितलं ते लिहा,” ते म्हणाले. “खोटा जबाब.”

“आणि बॅच?”

ते खिडकीकडे वळले. “उंडेला सांगा नापासाची लाल लेबलं लावायला.”

घोरपड्यांनी पत्र टाइप करून आणलं. मला बसा म्हणाले. मी उभ्यानेच ते सावकाश वाचलं. माझं नाव, हुद्दा, तारीख, कारण. सगळं बरोबर होतं, एक सोडून.

“बॅच नंबर चुकलाय,” मी म्हणाले. “शेवटी सात नाही, एक आहे.”

“मॅडम, आता काय फरक पडतो?” घोरपडे हळूच म्हणाले.

“पडतो. दुसऱ्याच गोळ्या थांबतील.”

त्यांनी पत्र परत नेलं. नवीन टाइप होऊन यायला वीस मिनिटं लागली. तोवर मी काचेतून गोदामाच्या पॅसेजकडे पाहत होते. उंडे लाल लेबलांचा गठ्ठा घेऊन गेला. मी पिंपं मोजली. चौदाच्या चौदा लाल झाल्यावर मी घोरपड्यांचं पेन मागितलं आणि पत्रावर सही केली.